गरिबी मोजायची कशी आणि समजून घ्यायची कशी? पेठ फाट्यावरून सुरुवात

दिवाळी उरकली की नाशिकच्या पेठ फाट्यावर पहाटेपासून माणसं जमायला लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवरून उतरलेली. डोक्यावर गाठोडं, त्यात दोन पातेली आणि एक चादर. बाईच्या कडेवर लेकरू. कुणी बांधकामावर जाणार, कुणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत. 'कुठं निघालात?' असं विचारलं की उत्तर येतं, 'जगायला.' गाव सोडून कामाला जाण्यासाठी या भागात हाच शब्द आहे: जगायला जाणं.

समाजकार्याचं शिक्षण घेताना क्षेत्रकार्यासाठी मी आठवड्यातून दोन दिवस तिथं उभी असायचे. पहिल्या दिवशी वहीत मी लिहिलं, 'ही माणसं गरीब का आहेत?' सरांनी त्याखाली शेरा मारला: 'यात दोन प्रश्न आहेत. या माणसांत काय कमी आहे, हा एक. ही गरिबी येते कुठून, हा दुसरा. तू कोणता विचारते आहेस?'

तेव्हा मला तो शब्दांचा कीस वाटला होता. पुढे गरिबीच्या अभ्यासाचा इतिहास वाचत गेले तसं कळलं, की सगळी भांडणं याच दोन प्रश्नांमधली आहेत. सरकारी योजना, देणग्या, सर्वेक्षणं, मोर्चे यांतलं काहीही घ्या. ते यांपैकी एका प्रश्नाचं उत्तर असतं.

आधी पहिला प्रश्न

इंग्लंडमध्ये १६०१ साली गरिबांसाठी कायदा झाला. निराधारांना पोसण्याची जबाबदारी तिथल्या स्थानिक चर्चच्या हद्दीवर टाकली आणि त्यासाठी कर बसवला. १८३४ मध्ये तो कायदा बदलला तो एका भीतीपोटी: फुकट दिलं तर माणसं आळशी होतील. म्हणून मदत हवी असेल तर 'वर्कहाउस'मध्ये राहायला यायचं, आणि तिथली अवस्था बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराहूनही वाईट ठेवायची, असं धोरण ठरलं. नवरा, बायको, मुलं वेगवेगळ्या दालनांत. कुणाला यावंसंच वाटू नये, अशी व्यवस्था.

ते वर्कहाउस गेलं, पण त्यामागची समजूत गेलेली नाही. रेशनच्या धान्यावर कुणी तावातावानं बोलायला लागलं की 'यांना सवय लागते' हे वाक्य आजही पंचवटीत ऐकू येतं.

१८६९ साली लंडनमध्ये धर्मादाय संस्थांना एकत्र आणणारी एक संघटना निघाली. तिचे स्वयंसेवक घरोघरी जाऊन चौकशी करत: हा मदतीला पात्र गरीब की अपात्र? दारू पितो का, काम टाळतो का? आज आपण ज्याला केसवर्क म्हणतो, म्हणजे एका व्यक्तीची, तिच्या घराची नीट माहिती घेऊन तिला मदत करणं, त्याचं मूळ या चौकशीत आहे. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये त्याला शास्त्राचं रूप दिलं. त्यांनी दयेच्या जागी पद्धत आणली, हे मोठं काम होतं. पण नजर माणसावरच होती.

मग कुणीतरी मोजायला बसलं

आपल्याकडे हे काम दादाभाई नौरोजींनी फार लवकर केलं. १८६७-६८ च्या सुमाराचे आकडे घेऊन त्यांनी हिशेब मांडला, की ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न जेमतेम २० रुपये पडतं. मग शोधलं, की नुसतं जगायला किती लागतं. त्यासाठी त्यांनी माप घेतलं ते तुरुंगाचं: सरकार कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च करतं? कैद्याला जेवढं मिळतं तेवढंही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही, हे सरकारच्याच कागदांवरून त्यांनी दाखवलं. शिवाय २० रुपये ही सरासरी. तीत श्रीमंतांचाही वाटा आहे, म्हणजे गरिबाच्या हाती त्याहून कमी, हेही त्यांनी बजावलं. माझ्या मते भारतातली पहिली दारिद्र्यरेषा हीच. आणि ती आखणाऱ्यानं लगेच दुसरा प्रश्न विचारला: मग पैसा जातो कुठं?

लंडनमध्ये चार्ल्स बूथ या जहाज-व्यावसायिकानं १८८६ पासून शहराची पाहणी सुरू केली. रस्त्यागणिक रंग देऊन नकाशे केले. काळा रंग सगळ्यात हलाखीच्या वस्तीला. साधारण ३० टक्के लंडनकर गरिबीत आहेत असं निघालं. मग सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क गावातल्या ११ हजारांहून अधिक कामगार कुटुंबांची माहिती गोळा केली आणि गावातले जवळपास २८ टक्के लोक गरीब असल्याचं दाखवलं. शरीर चालू ठेवायला लागेल तेवढंच अन्न, भाडं, कपडे, सरपण त्यांनी हिशेबात धरलं होतं. वर्तमानपत्र नाही, पत्राचं तिकीट नाही, तंबाखू नाही. एवढं कडक माप लावूनही इतकी माणसं त्याखाली, आणि त्यांतली कितीतरी रोज कामावर जाणारी. आळसाची गोष्ट इथं पहिल्यांदा आकड्यांवर आपटली.

राउंट्रींचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. मजुराच्या आयुष्यात गरिबी तीनदा येते: तो स्वतः लहान असताना, त्याची मुलं लहान असताना आणि म्हातारपणी. पेठ फाट्यावर उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. कडेवर लेकरू असलेली जोडपी फाट्यावर, आणि म्हातारी माणसं मागे पाड्यावर, दार राखत.

महाराष्ट्रातल्या गावाचा असा बारीक अभ्यास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी केला. त्यांनी निवडलेलं गाव पिंपळे सौदागर, जिथं आज उंच इमारती आहेत. १७७१ मध्ये तिथं सरासरी धारणा ४० एकरांची होती. मान गेले तोवर, १९१५ च्या सुमारास, ती ७ एकरांवर आली होती. तुकडे एवढे झालेले आणि कर्ज इतकं, की बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं.

रेषा आणि तिची भांडणं

स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला, की रेषा कुठं आखायची. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोजचे २२५० उष्मांक हा पाया धरला. तेवढं खाऊ शकणारं घर १९६०-६१ च्या भावानं खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च करतं, असा त्यांचा हिशेब. त्याखाली खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक निघाले. उपाय म्हणून त्यांनी कामाचा आग्रह धरला. त्याच काळात वि. स. पागे महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना रुजवत होते. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडायला गेले, १९७७ मध्ये राज्यानं कायदा केला, आणि २००५ मध्ये केंद्रानं देशासाठी तसा कायदा केला. एका रेषेतून कुठवर जाता येतं, त्याचं हे चांगलं उदाहरण.

वाईट उदाहरणही आहे. २०११ मध्ये नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की शहरात दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करू शकणारा गरीब नाही. देशभर संताप उसळला. तो रास्तच होता, पण त्यात एक गोष्ट निसटली. रेषा थोडी वर सरकवली तरी तिचा मूळ दोष जात नाही. अमर्त्य सेन यांनी तो १९७६ मध्ये दाखवला होता. समजा रेषा १००० रुपयांची आहे. एकाकडे ९९० रुपये आहेत, दुसऱ्याकडे ४००. पहिल्याला १० रुपये दिले की एक गरीब कमी झाला! दुसऱ्याला ३०० दिले तरी गरिबांचा आकडा जिथल्या तिथं. नुसती डोकी मोजणाऱ्या सरकारला सगळ्यात गरिबाकडे वळण्याचं कारणच उरत नाही. म्हणून किती जण रेषेखाली आहेत याच्या जोडीला किती खोल आहेत, हेही मोजावं लागतं.

पुढे पैशापलीकडचं मोजणंही आलं. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतले १२ निकष पाहतो: पोषण, शाळा, सरपण, संडास, पाणी, बँक खातं वगैरे. २०१९-२१ च्या माहितीवर भारतात १४.९६ टक्के आणि महाराष्ट्रात ७.८१ टक्के लोक या अर्थानं गरीब निघाले. आकडे घटले आहेत, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. पण राज्याची सरासरी वाचताना सुरगाणा आणि मुंबई एकाच भागाकारात बसलेले असतात, हे लक्षात ठेवायचं.

२००२ मध्ये दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं ओळखायला जो फॉर्म आला त्यात १३ प्रश्न होते. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. त्यातला एक प्रश्न होता: घरात माणशी कपडे किती? दोनांपेक्षा कमी असतील तर शून्य. गुण जितके कमी, तितकं घर गरीब. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच लिहिलं होतं, की चारचौघांत लाज न वाटता वावरता येईल असा सदरा हीसुद्धा गरज आहे. स्मिथना त्यातून माणसाची प्रतिष्ठा दाखवायची होती. आपल्या फॉर्ममध्ये तोच सदरा गुण वाढवून नाव यादीबाहेर काढायला वापरला गेला. शिवाय मोजणारा आला तेव्हा घरातली माणसं जगायला गेली असतील, तर दाराला कुलूप. सगळ्यात गरजू घर यादीबाहेर राहायला एवढं पुरतं.

नाशिकनं विचारलेला प्रश्न

मराठीत समाजसेवा आणि समाजकार्य हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो. शिकणाऱ्यांच्या दृष्टीनं फरक आहे. सेवा भुकेल्याला जेवू घालते. समाजकार्य त्याच्यासोबत बसून भूक का लागली हे शोधतं, आणि कधी कधी त्यासाठी भांडतं.

या दुसऱ्या वाटेची एक सुरुवात लंडनमध्ये १८८४ साली टॉयन्बी हॉलमध्ये झाली. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहायलाच जायचं, ही कल्पना. शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये तेच केलं. आणि १९२६ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत नागपाड्याला असंच एक घर उघडलं. तिथंच १९३६ मध्ये टाटा विश्वस्तांच्या मदतीनं भारतातली समाजकार्याची पहिली शाळा सुरू झाली, २० विद्यार्थ्यांनिशी. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था.

पण अभ्यासक्रमात याच क्रमानं शिकवलं, तर आपल्या मातीतलं अर्धं निसटतं. जोतीराव फुल्यांनी बूथच्या आधी शेतकऱ्याच्या कर्जाचा माग सावकार, कुलकर्णी, कोर्ट आणि अविद्या यांच्यापर्यंत काढला होता. आणि २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे जे घडलं, ते तर दुसऱ्या प्रश्नाचं जिवंत उदाहरण आहे. अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मिरवणुकीनं मंदिरापर्यंत गेली आणि सत्याग्रही चारही दरवाजांपुढे बसले. स्थानिक धुरा वाहणारे दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

गरिबीच्या लेखात मंदिर कशाला, असं कुणाला वाटेल. कारण इथून विषमता सुरू होते. गरिबी सांगते, माणसाकडे किती आहे. विषमता सांगते, दुसऱ्याच्या तुलनेत किती आहे, आणि त्यामुळे कोण कुणाला काय करायला लावू शकतो. एकाची कमाई ५ हजार आणि दुसऱ्याची ५० हजार आहे. दोघांची दुप्पट झाली: १० हजार आणि १ लाख. गरिबी घटली. पण दोघांतलं अंतर ४५ हजारांचं ९० हजार झालं. विषमता मोजायचं प्रसिद्ध माप म्हणजे इटलीच्या कोरादो जिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला गुणांक: सगळ्यांना सारखं असेल तर ०, एकालाच सगळं असेल तर १. वरच्या उदाहरणात तो जराही हलत नाही, कारण तो प्रमाण पाहतो. आणि खालच्या पायरीवर नेहमी तीच माणसं का, हे तर तो सांगूच शकत नाही. बाबासाहेबांचा 'श्रेणीबद्ध विषमता' हा शब्द नेमका तिथं लागू पडतो. उतरंडीत प्रत्येक जण कुणाच्या तरी वर असतो, म्हणून सगळे मिळून उतरंड मोडायला धजत नाहीत.

गायकवाडांनी मंदिरानंतर जमिनीचा प्रश्न धरला. १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांसाठी सत्याग्रह झाले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. देशभर लाखोंनी अटक करून घेतली.

उचल

आता पुन्हा फाट्यावर. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो. पण जमीन उताराची, मातीचा थर पातळ. पाणी नार, पार, दमणगंगेतून पश्चिमेला निघून जातं, आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर बसतात. पीक वर्षातून एकदाच, पावसाळ्यात: भात, नागली, वरई. त्यामुळे श्रावण-भाद्रपदात दोन गोष्टी एकाच वेळी येतात. आवणी-निंदणीचं कंबर मोडणारं काम आणि रिकामी कणगी.

नेमका तेव्हा उचल घ्यावी लागते. बागायतदाराकडून किंवा मुकादमाकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि पुढच्या हंगामात ते कामातून फेडायचे. छाटणी, विरळणी, डिपिंग (द्राक्षाचे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) अशी कामं बहुतेक एकराच्या हिशेबानं, उक्ती. दर ठरतो तो उचल देताना, म्हणजे घरात दाणा नसताना.

आकडा काल्पनिक धरू. एका जोडप्यानं ८ हजार रुपये उचल घेतली. व्याज काही नाही. पण हंगामात सगळ्या बागांना एकाच वेळी माणसं हवी असतात, आणि मोकळ्या मजुराला या जोडप्यापेक्षा दिवसाला १०० रुपये जास्त मिळतात. दोन माणसं, ८० दिवस: १६ हजार रुपये. आठ हजारांच्या बिनव्याजी उचलीची ही किंमत आहे, आणि ती कोणत्याच वहीत लिहिलेली नसते. उचलीच्या बदल्यात किमान वेतनापेक्षाही कमी पैशांत राबवून घेतलं, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याची भाषा लागू होते. स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा मात्र राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. पेठहून निफाडला जाणारा त्याच जिल्ह्यात राहतो, म्हणून तो त्यात बसलाच नाही.

बागायतदाराला खलनायक करून हे सुटत नाही. त्याच्या डोक्यावर औषधांची उधारी, बँकेचं कर्ज, अवकाळी आणि गारपीट. डिपिंगचे ठरावीक दिवस चुकले तर मण्यांची फुगवण गेली. तो माणसं धरून ठेवायला उचल देतो. दोघांनाही धोका आहे. पण बोलणीला बसताना एकाच्या घरात धान्य असतं आणि दुसऱ्याच्या नसतं.

मागे चालत गेलं की साखळी दिसते. बँकेचं पीककर्ज का नाही? सातबारा नाही. सातबारा का नाही? पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, आदिवासी कुटुंबाच्या नावे करण्याचा हक्क दिला. दावा ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीत, मग जिल्हा समितीत. कितीतरी दावे वाटेतच अडले, किंवा कसतात एकरांत आणि मंजूर झालं गुंठ्यांत. म्हणून ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेले हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले. टीव्हीवर सोलवटलेले पाय दिसले. शेवटच्या रात्री ते थांबले नाहीत, दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना रस्ता मोकळा मिळावा म्हणून.

माझ्या क्षेत्रकार्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही एका पाड्यावर बचत गटातल्या बायकांसोबत काम करत होतो. केसवर्कच्या नजरेनं प्रत्येक घराची वेगळी फाइल झाली असती. बायकांनी वेगळंच सुचवलं: धान्याची बँक. कापणीनंतर प्रत्येक घरानं दोन-दोन पायल्या नागली-भात एका कोठीत टाकायचं, श्रावणात लागेल तसं उसनं न्यायचं, पुढच्या कापणीला थोडं वाढीव परत करायचं. कोठी शाळेच्या पडवीत ठेवली. पहिल्या वर्षी उंदरांनी बरंच खाल्लं. दुसऱ्या वर्षी पत्र्याची केली.

त्या भाद्रपदात मुकादम नेहमीसारखा आला आणि ओट्यावर बसून नोटा मोजू लागला. गटाच्या अध्यक्ष बाईंनी त्याला चहा दिला. म्हणाल्या, 'दादा, उचलीचं मागनं बघू. दर काय देता, ते आधी सांगा.' तो त्या दिवशी परत गेला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दर घेऊन आला.